वहिनी आणि सवलतीची मर्यादा

वहिनी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला इथे फरीदाबादला शंभरेक माणसं आली होती, आणि बोलायला उठलेला प्रत्येक जण भलत्याच कुणा बाईबद्दल बोलत होता. मनमिळाऊ, शांत, कर्तव्यदक्ष. शांत! मी मागच्या रांगेतून दादाकडे बघितलं. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलेलं दिसलं. आयकराच्या एका पोटकलमावरून सख्ख्या दिराशी तीन वर्षं वाद चालू ठेवणारी बाई शांत कशी असेल, असंच त्याच्याही मनात आलं असणार.

वंदना झाली, खीर वाटली, लोक आपापल्या मेट्रो पकडायला गेले. मला कुणी बोलायला सांगितलं नाही ते बरंच झालं. मला जे बोलायचं आहे ते शंभर माणसांसमोर बोलण्यासारखं नाही. शेवटच्या आजारपणात मी तुमच्याशी एकदा खोटं बोललो, वहिनी. त्याचा पाठपुरावा करताना मला गेल्या आठवड्यात एक गोष्ट सापडली. ती तुम्हाला विचारायची तर आता लिहूनच विचारावी लागेल.

आपल्या दोघांचं खरं नातं मार्च महिन्यातलं. एरवी तुम्ही माझ्या वहिनी होतात, सणावाराला डबा पाठवणाऱ्या, केस कापून घे म्हणून ओरडणाऱ्या. मार्चचा पहिला रविवार आला की तुम्ही सरकारी अधिकारी व्हायचात आणि मी अर्जदार. आधी पाटवडीचा रस्सा आणि भात, मग नियम. उपाशी माणसाला टक्केवारी कळत नाही, असं तुमचं मत होतं. दादा जेवून झाल्यावर शहाण्यासारखा आतल्या खोलीत जाऊन झोपायचा.

हे सुरू कसं झालं तेही मला लख्ख आठवतं. मी तेव्हा पस्तिशीला आलो होतो. लग्न केलं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. छोट्या नर्सिंग होममधली ईसीजीची मशिनं, मॉनिटर दुरुस्त करत गावभर फिरायचो. तुम्ही विचारलंत, म्हातारपणाचं काय? मी म्हणालो, माझं कसलं म्हातारपण, हात चालतायत तोवर काम करीन. त्यावर तुम्ही ताटातला घास तसाच ठेवून म्हणालात, "हात थरथरायला लागल्यावर तुझ्याकडे मशिन कोण देईल, सिद्धार्थ?"

मला राग आला होता. खरं बोललेलं ऐकलं की येतो तसला. पण त्याच आठवड्यात दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर तुमच्या ऑफिसच्या गेटपाशी मी आधार आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन उभा राहिलो, आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन माझं पेन्शन खातं उघडायचे सगळे फॉर्म भरलेत. तुमची स्वतःची पेन्शन जुन्या पद्धतीची, पक्की. यातलं एक कलमही तुमच्या उपयोगाचं नव्हतं. तरी तुम्ही ते असं वाचून काढलंत की जणू उद्या परीक्षा आहे. का, असं मी एकदा विचारलंही होतं. "अरे, बघायला नको का आत काय आहे ते?" हे तुमचं उत्तर. मीही मशिन याच कारणासाठी उघडतो, त्यामुळे पुढे काही विचारता आलं नाही.

तुम्ही समजवायचात ते जेवणाच्या भांड्यांवर. हे मोठं पातेलं बघ, दीड लाखाचं. यात तुझा विमा, तुझं पीपीएफ, आणि पेन्शनचे पैसे, सगळे मिळून मावायला हवेत. पेन्शनचे पैसे यात किती घालायचे तर तुझ्या उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांपर्यंतच. आणि ही बाजूची वाटी, पन्नास हजारांची. ही फक्त पेन्शनसाठी, वेगळी, पातेलं भरलेलं असलं तरी चालते. एवढ्यावर सरकार कर सोडतं. कळलं? मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला फक्त रस्सा कळला होता.

तिसऱ्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं की या वाटीत पन्नास हजारांच्या वर पैसे टाकायला सरकारची बंदी आहे. तुम्ही इतक्या हसलात की दादा उठून बाहेर आला.

"बंदी कुठली? भरायला तुझा हात कोणी धरलाय? दहा लाख भर की! मर्यादा सवलतीला आहे, भरण्याला नाही."

"पण सवलत नाही तर जास्तीचे भरेल कोण?"

तुमचं हसू थांबलं. तुम्ही टेबलावर बोट आपटलंत. "अच्छा. हा प्रश्न आहे खरा." आणि मग आपण संध्याकाळपर्यंत तेच बोलत बसलो. सरकार जिथपर्यंत गोंजारतं तिथपर्यंतच लोक भरतात आणि तिथे थांबतात. पन्नास हजार म्हटलं की सगळ्यांचं म्हातारपण पन्नास हजारांचं. तुमच्या ऑफिसात तर म्हणे कुणीच रुपयासुद्धा जास्त भरत नाही. आकडा कायद्यात लिहिलेला असला की तो आपला आपण ठरवावा लागत नाही, हे तुम्हाला फार गमतीचं वाटलं होतं.

पण हा पन्नासच का? एक्कावन्न का नाही? यावर आपलं कधीच जमलं नाही. माझं म्हणणं, सरकार कंजूस, दुसरं काय. तुमचं म्हणणं, मर्यादा घातली नाही तर मोठमोठे लोक कोट्यवधी रुपये पेन्शनमध्ये टाकून कर चुकवतील. मर्यादा त्यांच्यासाठी आहे. "तू कशाला चिडतोस? तू तिथपर्यंत पोचतोस तरी कुठे?" हे वर. मग मी म्हणायचो की चोर दुसरा आणि कुलूप माझ्या दाराला का? तुम्ही म्हणायचात, पुढच्या वर्षी सांगते. एकदा तुम्ही हा प्रश्न तुमच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात एका मोठ्या साहेबांना विचारलात. ते म्हणाले, मॅडम, आज तरी केक खा.

दहा आणि वीस टक्क्यांचं प्रकरण त्या निरोप समारंभाच्या आधीचं. तुम्ही अजून नोकरीत होतात. मी हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला एका तपासणी सेंटरमध्ये मशिन उघडून बसलो होतो, एक पार्ट यायचा होता, दुपारभर काही काम नव्हतं. मोबाइलवर सहज वाचत गेलो आणि जागच्या जागी ताठ बसलो. नोकरदाराला पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण स्वतःचा धंदा करणाऱ्याला एकूण उत्पन्नाच्या वीस टक्क्यांपर्यंत! आणि तुम्ही मला कायम दहा सांगत आलेल्या. मी तिथूनच फोन लावला.

"वहिनी, तुम्ही चुकलात."

"वाच."

मी वाचलं.

"पोटकलमासकट वाच."

पोटकलमासकट वाचलं. पलीकडे पंखा चालल्याचा आवाज येत होता. तुम्ही "ठेव फोन" म्हणालात आणि ठेवलात. मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही स्वतः दोन मेट्रो बदलून माझ्या खोलीवर आलात. चप्पलसुद्धा न काढता दारातच म्हणालात, "मी शिकले तेव्हा तुलाही दहाच होते. मध्ये बदललं. मी परत बघितलं नाही. चूक झाली माझी."

त्या दिवशी मी फार वाईट वागलो. इतकी वर्षं माझं नुकसान झालं, तुम्हाला सरकारी लोकांना बाहेरचं काही दिसतच नाही, पगार नसलेला माणूस तुमच्या डोक्यात येतच नाही, असलं काहीबाही बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. शेवटचं वाक्य तर खरंच होतं. तुमच्या माहेरी तुमच्या वडिलांपासून आणि आपल्या घरातही सगळे नोकरीत. महिन्याच्या शेवटी पगार न होणारा मी एकटाच. पण वहिनी, नुकसान कसलं? दहा टक्के भरताना मी कण्हत होतो, वीस कुठून भरणार होतो? हे मला तुम्ही गेटबाहेर पडायच्या आतच कळलं होतं. खाली येऊन सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. वरून तुमची पाठ दिसत होती.

पुढच्या मार्चमध्ये तुम्हीच विषय काढलात, आणि तोही कसा, तर एखादी भारी गोष्ट सापडल्यासारखा. "सिद्धार्थ, वीस का ते कळलं का तुला? नोकरदाराच्या खात्यात तो दहा टाकतो आणि त्याचं ऑफिस दहा टाकतं. तुझ्या मागे कोणी साहेब नाही. म्हणून साहेबाचा वाटाही तूच भरायचा, आणि सवलतही दोघांची तुलाच." आणि वर म्हणालात, "तू तुझाच साहेब आहेस, बिल्कुल. पण फार वाईट साहेब आहेस. पेन्शनचं बघत नाहीस."

या साहेबाने पुढे काय केलं ते आता सांगतो.

नवी करपद्धत आली. माझं उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. माझे सीए म्हणाले, नई वाली में आपका टैक्स ही ज़ीरो है, कुछ भरने की ज़रूरत नहीं. मी उडालोच. नव्या पद्धतीत आपण स्वतः भरलेल्या पेन्शनवर सवलत नाही, ना पातेलं, ना वाटी. ऑफिस भरत असेल त्या वाट्यावर मात्र आहे. म्हणजे ज्याला साहेब आहे त्याची सवलत राहिली, आणि ज्याला नाही त्याची गेली. मी हे तुमच्यासमोर त्वेषाने मांडलं आणि जाहीर केलं की मी आता भरणार नाही.

तुम्ही म्हणालात, "हा मुद्दा चांगला आहे तुझा. यावर मला विचार करू दे." मग रश्शाचं पातेलं उचलता उचलता म्हणालात, "पण सवलत गेली, म्हातारपण गेलं का?"

मी म्हणालो, तुमची पेन्शन पक्की आहे म्हणून तुम्हाला सुचतं हे. तुम्ही पातेलं आत घेऊन गेलात. त्या वर्षाचे पैसे आधीच भरून झाले होते; मी तसाच निघालो. त्यानंतर दोन मार्च गेले आणि दोन्ही वेळा मी एक रुपया भरला नाही. दोन्ही रविवारी जेवायला मात्र आलो. तुम्हीही विषय काढला नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

या जानेवारीत तुम्ही हॉस्पिटलात होतात. दुपारी भेटायची वेळ असायची, दादा खाली चहाला जायचा आणि मी तुमच्यापाशी बसायचो. तुमच्या बोटाला ती चिमटीसारखी क्लिप होती. तुम्ही विचारलंत, हिला बोटातून काय कळतं रे? मी सांगितलं की आत एक लाल उजेड असतो, तो बोटातून आरपार जातो, रक्तात प्राणवायू किती त्यावर कमीजास्त होतो. तुम्ही बोट डोळ्यांजवळ आणून उलटसुलट करून बघितलंत. मग म्हणालात, "आणि तो आकडा नव्वदच्या खाली गेला की वाजतं. नव्वदच का? कोणी ठरवलं?" मला हसू आलं आणि लगेच रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच मॉनिटरची वायर सारखी केली.

मग तुम्ही विचारलंत, "सिद्धार्थ, पेन्शनचे भरतोस ना रे?"

मी म्हणालो, "हो."

"गेल्या दोन्ही वर्षी?"

"हो. नेहमीइतके."

तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. "बरं," म्हणालात. एवढंच. मग डोळे मिटलेत. मी ठरवलं होतं की तुम्ही घरी आलात की खरं सांगायचं, नाहीतर निदान भरून टाकायचे म्हणजे खोटं थोडं तरी खरं होईल. तुम्ही घरी आला नाहीत.

गेल्या आठवड्यात मार्चचा पहिला रविवार आला. दादाने फोन केला नाही, मीही केला नाही. दुपारी मी घरी बसून लॅपटॉप उघडला आणि पेन्शनच्या खात्यात शिरलो. दोन वर्षं काहीच न भरल्यामुळे खातं गोठलेलं असणार, हे मला माहीत होतं. वर्षाला निदान हजार रुपये तरी पडावे लागतात, नाहीतर खातं झोपतं. मग ते पुन्हा उघडायला फॉर्म, दंड, खेटे. सगळ्याची तयारी करून बसलो होतो.

खातं चालू होतं.

मला वाटलं मी दुसऱ्याच कुणाच्या खात्यात शिरलो. नाव माझं, नंबर माझा. मग नोंदी बघितल्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये हजार रुपये. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये हजार रुपये. ना कमी, ना जास्त.

आता मी दुरुस्तीवाला माणूस. बंद मशिन आपोआप सुरू झालेलं मला चालत नाही, कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही. बँकेचं पासबुक काढलं, माझ्या खात्यातून गेले नव्हते. सीएंना फोन केला, ते म्हणाले, भाईसाहब, मैं क्यों भरूँगा? मग खात्याच्या माहितीच्या पानावर गेलो आणि तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर बघितला. शेवटचे चार आकडे दिसत होते. ते तुमचे होते.

आणि मग मला हसू आलं, वहिनी, कारण यात गूढ असं काही नव्हतंच. आपल्या घराण्यातलं कोणीही वर्ध्याहून दिल्लीत परीक्षेला आलं, इंटरव्ह्यूला आलं, औषधपाण्याला आलं, की त्याच्या फॉर्मवर पत्ता तुमच्या सरकारी क्वार्टरचा आणि नंबर तुमचा. का, तर तोच एक पक्का. बाकीचे आज इथे, उद्या तिथे. ऑफिसच्या गेटपाशी उभं राहून माझा फॉर्म भरतानाही तुमच्या हाताने सवयीने तुमचाच नंबर लिहिला. मी सही करताना बघितलासुद्धा नाही. दर मार्चला भरताना ओटीपी यायचा तो तुमच्याच टेबलावर बसून, तुमच्याच फोनवर, आणि तुम्ही तो वाचून दाखवायचात. मला त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही.

म्हणजे खात्याचे सगळे मेसेज तुम्हाला येत होते. पैसे आले नाहीत, खातं बंद पडेल, सगळे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हॉस्पिटलात विचारलंत तेव्हाही. आणि मी "नेहमीइतके" म्हणालो.

आता माझा प्रश्न. हजारच का, वहिनी? तुमची पेन्शन चांगली होती, मुलंबाळं नाहीत, मनात आणलं असतं तर माझ्या वाट्याचे सगळे भरता आले असते. तुम्ही ते केलं नाहीत. दार फक्त लोटून घेतलंत, कडी घातली नाहीत, आणि आत यायचं की नाही ते माझ्यावर सोडलंत. मी दोन दिवस यावर विचार केला. रागही आला की मला समोर बसवून का नाही झापलंत. मग त्या संध्याकाळी माझ्या खोलीतून उतरत गेलेली तुमची पाठ आठवली, आणि का नाही झापलंत ते मला कळलं. निदान मला तरी असं वाटतं. तुम्ही म्हणाला असतात, पुढच्या वर्षी सांगते.

मंगळवारी सकाळी मी पैसे भरायला बसलो. नाव, खातं, सगळं झालं आणि रकमेचा रिकामा चौकोन समोर आला. मी हात थांबवला. इतकी वर्षं तो आकडा मला कोणीतरी सांगत होतं. कायदा सांगत होता, तुम्ही सांगत होतात. आता सवलत नाही म्हणजे मर्यादाही नाही. दहा नाही, वीस नाही, पन्नास नाही. पहिल्यांदाच मला स्वतःला विचारावं लागलं की साठीनंतर मी कुठे राहीन, काय खाईन, औषधाला किती लागतील, हात थरथरायला लागले तर माझं कोण करेल. वहिनी, मला खूप भीती वाटली. मी उठून चहा केला, परत बसलो, कागदावर आकडेमोड केली, आणि एक आकडा टाकला. किती ते सांगत नाही. तुम्ही म्हणाला असतात, वाईट नाही, पण अजून टाक.

ओटीपी तुमच्या फोनवर गेला. मी दादाला फोन लावला.

"दादा, वहिनींचा फोन कुठे आहे?"

"आहे. चार्जिंगला लावलाय." मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "रोज लावतो."

"त्यावर आत्ता एक मेसेज आला असेल. सहा आकडे आहेत, वाचून दाखव."

तो चष्मा शोधत गेला. परत आला. एकेक आकडा सावकाश, दोनदा वाचला. पैसे गेले. मग त्याने विचारलं, हे काय होतं? मी त्याला सगळं सांगितलं, हॉस्पिटलातल्या खोट्यासकट.

"पोचले का पैसे?"

"पोचले."

"मी आज हिचं सिम बंद करायला निघालो होतो," दादा म्हणाला. "कपडे करून बसलोय. रिचार्ज संपतोय ना."

मग त्यानेच विचारलं.

"पुढच्या मार्चलाही लागेल हा नंबर?"

"हो," मी म्हणालो.

"चलो, मग वर्षाचा मारून टाकतो."

नंबर बदलायचा फॉर्म ऑनलाइन दोन मिनिटांत भरता येतो. दादाला ते माहीत नाही, आणि मी त्याला सांगितलं नाही.